पडलेल्या झाडाचे मेज

मंडळी, तुमच्या परसातले किंवा बांधावरचे एखादे जुने झाड पडले आहे, असे क्षणभर समजा. वादळाने लोळवले असेल, नाहीतर मुळे कुजून ते आपणच कलंडले असेल. पुढे काय होते ते मी सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी लाकडाचा व्यापारी येतो, झाडाभोवती एक फेरी मारतो, बुंध्यावर कुऱ्हाडीचा दांडा आपटून "आतून पोकळ असणार" असे म्हणतो, आणि जळणाच्या भावाने सौदा ठरवून जातो. ज्या झाडाखाली आपल्या घरच्या तीन पिढ्या खेळल्या, ते दोन तासांत टेम्पोत चढते. आपणही म्हणतो, चला, जागा तर मोकळी झाली! मग मुलीला अभ्यासाला मेज हवे म्हणून आपण तालुक्याला जातो आणि दाबलेल्या भुशाच्या फळीचे चकचकीत मेज विकत आणतो. पहिल्या पावसाळ्यात त्याच्या कडा पुरीसारख्या फुगतात.

त्या पडलेल्या झाडाच्या बुंध्याची एक जाड फळी काढावी, तिच्या दोन्ही बाजूंची झाडाची मूळ कड न कापता तशीच ठेवावी, आणि तिचे मेज करावे, हा आजचा विषय. आपले पाट, चौरंग, बाक सगळे काटकोनातले. सुतार पहिली गोष्ट करतो ती फळीच्या कडा सरळ कापण्याची. इथे ते करायचे नाही. बुंधा जिथे फुगला, जिथे आत वळला, जिथे फांदी फुटली, ती वळणे मेजाच्या काठावर तशीच दिसली पाहिजेत. फक्त साल काढायची.

काम अवघड आहे का, असे विचाराल तर हत्यारांच्या दृष्टीने नाही. गावचा कोणताही जाणता सुतार ते करील. पण काम लांबणीचे आहे. दीड-दोन वर्षे लागतात, आणि त्यांतले प्रत्यक्ष हाताचे काम फार तर पंधरा दिवसांचे. उरलेला सगळा वेळ फळी वाळत असते आणि आपण तिला हात न लावता थांबायचे असते. बहुतेकांचे मेज बिघडते ते या थांबण्याच्या काळात. माझेही एक बिघडले होते. ते पुढे सांगतोच.

झाडाची कड राखून मेज करण्याची ही रीत जगभर गाजवली ती जॉर्ज नाकाशिमा या जपानी वंशाच्या अमेरिकन कारागिराने. जन्म १९०५चा, मूळचा वास्तुशिल्पी. १९३०नंतरच्या दशकात पाँडिचेरीला श्री अरविंद आश्रमाचे 'गोलकोंड' हे वसतिगृह बांधले जात होते, तेव्हा तो तिथे कामावर देखरेखीला होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले. आयडाहो संस्थानातल्या अशा एका छावणीत एका जपानी सुताराच्या हाताखाली तो हातहत्यारे चालवायला शिकला. इतर सुतार ज्या फळ्या तडा आहे, गाठ आहे म्हणून बाजूला टाकीत, त्याच त्याने मेजांसाठी निवडल्या. १९६४ साली तो अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही येऊन काम करून गेला. सांगायचा मुद्दा हा, की ज्याला आपला व्यापारी जळण म्हणतो, त्यातच या माणसाला मेज दिसले.

पण करवतीच्या आधी कागद. महाराष्ट्रात झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा १९६४ सालापासून आहे, आणि त्याच्या यादीत साग, खैर, चंदन यांच्या जोडीला आपले घरगुती आंबा, फणस, चिंच, जांभूळही आहेत. झाड आपले, जमीन आपली, म्हणून कुऱ्हाड चालवली, असे चालत नाही. पडलेल्या झाडाचीही आधी तलाठ्याकडे आणि वनखात्याच्या कचेरीत चौकशी करा. लाकूड गावाबाहेर न्यायचे असेल तर वाहतुकीच्या परवान्याचे विचारा. झाड शाळेच्या आवारातले असेल तर समितीचा ठराव लिहून घ्या, म्हणजे पुढे "फणस कुठे गेला?" या प्रश्नाला उत्तर राहते. आणि एक स्पष्टच सांगतो : मेज हवे म्हणून उभे, हिरवे झाड पाडणार असाल तर माझे हे भाषण तुमच्यासाठी नाही.

कोणते झाड चांगले? साग सर्वांत शहाणा. वाळताना फार कमी हलतो, कीड लागत नाही. शिवणही तशीच शांत, आणि उचलायला हलकी. फणसाबद्दल मला पक्षपात आहे हे कबूल करून सांगतो, की मेजाला त्याच्यासारखे लाकूड नाही. कापल्यावर हळदीसारखे पिवळे दिसते, आणि उजेडात राहून वर्षा-दोन वर्षांत मधासारखे तपकिरी होते. तंजावरच्या वीणा याच लाकडाच्या होतात, आणि ब्रह्मदेशाकडे याच लाकडाच्या ढलप्या उकळून बौद्ध भिक्षूंची वस्त्रे रंगवीत. आंब्याचे लाकूड दिसायला देखणे, पण ओले असताना त्यावर चटकन निळसर बुरशी येते आणि भुंगेरे तर वाटच पाहत असतात. बाभूळ, चिंच यांची फळी भक्कम. मात्र रंध्याला दाद देत नाही, आणि वाळताना तडकण्याची खोड. पांगारा, सावर यांच्या नादी लागू नका. ती हलकी, मऊ लाकडे.

आमच्याकडे होता तो फणस. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि आमच्या उत्तर रत्नागिरीतल्या वाड्यांमधून माड, पोफळी, आंबे अक्षरशः आडवे झाले. शाळेच्या मागचा फणसही त्यातच गेला. मी तेव्हा त्या शाळेत शिकवत होतो. व्यापारी आला, फेरी मारून झाली, "पोकळ असणार" हेही झाले. पण आमच्या वाडीतले सुतारकाका तिथेच उभे होते. त्यांनी बुंध्यावर हातोडीने दोन-चार ठिकाणी ठोकून पाहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, भरीव आहे. देऊ नका." शाळेला वाचनालयासाठी मेज हवेच होते. आम्ही तो विकला नाही.

पावसाळा तोंडावर होता, म्हणून ओंडके जमिनीवर न ठेवता दगडांवर चढवले, वर पत्रे टाकले आणि दोन्ही तोंडांना जुना तेलरंग जाड थापला. ही तोंडे रंगवण्याची गोष्ट लहान दिसते, पण विसरू नका. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची जुडी आहे, भाताच्या पेंढीसारखी. पेंढी बाजूने हळूहळू वाळते, पण कापलेल्या तोंडाकडून पाणी भराभर निघून जाते. तोंड आधी वाळून आकसते, आतला भाग अजून ओला, फुगलेला. मग तोंडाला ताऱ्यासारखे तडे जातात आणि ते हातभर आत शिरतात. डांबर, मेण, तेलरंग, जे हाताशी असेल ते लावा, पण झाड पडल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत.

फळ्या पाडल्या त्या दसऱ्याच्या सुमारास. पूर्वी हे काम करवत ओढणारी जोडी करी. ओंडका उंच घोड्यांवर चढवायचा, गेरूत भिजवलेल्या सुताने रेघ मारायची, एकाने वर उभे राहून ओढायचे, दुसऱ्याने खाली, डोळ्यांत भुसा घेत. असे काम करणारे लोक आता फार थोडे उरले. आता साखळीची यंत्रकरवत वाडी-वाडीत पोचली आहे, आणि तिच्या पात्याला एक लोखंडी चौकट जोडली की तिने घरच्या घरी फळ्या पाडता येतात. पहिल्या कापाला ओंडक्यावर एक सरळ फळी किंवा शिडी ठोकून घ्यायची. चौकट तिच्यावरून सरकते, त्यामुळे काप सपाट येतो. पुढच्या प्रत्येक कापाला आधी कापलेली सपाट बाजूच वाट दाखवते. ही करवत दर कापाला जवळजवळ तीन सूत लाकूड भुसा करून टाकते, हा तिचा खर्च. आणि ती हौशी माणसाच्या हातात द्यायची वस्तू नव्हे. सराईत माणूस बोलवा, त्याच्या डोळ्यांवर चष्मा आणि पायांत जाड बूट आहेत ना ते पाहा, मुलांना आवाराबाहेर ठेवा. शाळेजवळच्या झाडात खिळे हमखास असतात. कोणी सूचनाफलक ठोकलेला असतो, कोणी निवडणुकीची पाटी. सालीखाली खिळा गेला की भोवतालचे लाकूड काळे पडते, त्यावरून तो ओळखावा. आमच्या फणसात तीन निघाले.

जाडी किती ठेवावी? मेज दीड इंचाचे हवे असेल तर फळी सव्वादोन इंचांची पाडा. वाळताना ती आकसणार, थोडी वाकणार, आणि ती सरळ करताना दोन्ही बाजूंनी रंधा खाणार. झाडाच्या अगदी मधला ठिपका ज्या फळीत येतो ती फळी तडकतेच. तिचे पाय करावेत, माथा करू नये. आम्हांला मेजाजोग्या तीन फळ्या मिळाल्या, सहा फूट लांब, सरासरी दोन फूट रुंद.

साल लगेच काढली. सालीखालीच भुंगेऱ्यांची अंडी असतात, आणि सालीलगतच्या फिकट लाकडातली खळ हे त्यांचे अन्न. साल काढायला धारदार हत्यार नको; बोथट पटाशीने उचकटावी, मग काथ्याच्या जुडीने घासावी. धार लागली की ते नैसर्गिक वळण गेलेच. आंब्यासारख्या कीड लागणाऱ्या लाकडाला ओले असतानाच टाकणखार आणि बोरिक पावडरीचे पाणी द्यावे : १० लिटर गरम पाण्यात ३०० ग्रॅम टाकणखार, २०० ग्रॅम बोरिक पावडर. फळी चांगली भिजेपर्यंत दोन-तीन हात द्यायचे आणि काही दिवस झाकून ठेवायची, म्हणजे औषध आत मुरते. हातमोजे घाला, आणि उरलेले पाणी गुरांच्या तोंडी जाणार नाही असे पाहा.

आता वाळवणे. माझी चूक झाली ती इथे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एक आंब्याची फळी तीन महिने वाळवली, हाताला कोरडी लागली म्हणून रंधा मारला, खाली दोन आडव्या पट्ट्या सरस लावून स्क्रूने घट्ट आवळल्या आणि ते मेज दिवाळीनंतर धाकट्या बहिणीला सोलापूरला पाठवले. तिच्या नव्या घरातली ती पहिली वस्तू. सगळ्यांनी फार कौतुक केले. होळी झाली आणि एका रात्री तिचा फोन आला : "दादा, तुझं मेज फुटलं. आम्हांला वाटलं बाहेर फटाका वाजला." पुढे मी जाऊन पाहिले, तर मधोमध इकडून तिकडे करंगळी जाईल एवढी भेग. बहीण काही बोलली नाही. त्यावर तिने एक मोठा रुमाल घातला होता.

काय झाले होते? ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते : नळ्यांच्या पोकळीत आणि नळ्यांच्या भिंतींत. आधी पोकळीतले जाते. त्या वेळी लाकूड हलके होते, पण आकसत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी उरले की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंतींतले पाणी जाऊ लागते. आकसणे सुरू होते ते तिथून. आणि ते सगळीकडे सारखे नसते. पेंढीतली काडी वाळून बारीक होते, आखूड होत नाही. तशी फळी लांबीत जवळजवळ तेवढीच राहते, रुंदीत मात्र कमी होते. शिवाय वाढीच्या वलयांच्या दिशेने ती जितकी आकसते, त्याच्या निम्मीच गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसते. म्हणून कडेची फळी वाळताना सालीकडच्या बाजूने खोलगट होते.

बरे, लाकूड एकदा वाळले म्हणजे काम संपले असेही नाही. हवेत जेवढा दमटपणा असेल त्याच्याशी ते तडजोड करीत राहते. कोकणात आषाढात, हवा भिजलेली असते तेव्हा, ते १८-२० टक्क्यांपर्यंत पाणी धरून बसते. सोलापूरच्या एप्रिलमध्ये तेच ५-६ टक्क्यांवर उतरते. माझी फळी आतून अजून ओली होती, त्यात तिला मी कोकणातून तिकडे पाठवलेली. ती रुंदीत अर्ध्या इंचाने आकसायला निघाली, आणि खालच्या पट्ट्यांनी तिला हलू दिले नाही. मग ती फुटली. लाकूड वाईट नव्हते. मी त्याला जागा ठेवली नव्हती.

म्हणून या वेळी सुतारकाकांच्या म्हणण्याप्रमाणे सगळे केले. शाळेच्या पडवीत, जिथे वारा आहे पण ऊन नाही, तिथे जमिनीपासून दीड फूट उंचीवर तीन सरळ वासे मांडले. त्यांवर फळ्या एकावर एक, आणि प्रत्येक दोन फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या, दीड-दीड फुटावर. या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका ओळंब्यात आल्या पाहिजेत. एक जरी बाजूला गेली तरी फळीला तिथे कायमचा बाक येतो. सर्वांत वर चिऱ्याचे दगड ठेवले. एवढे करून आम्ही ती जागा सोडली.

इंचाला एक वर्ष, असा वाळवण्याचा जुना हिशेब आहे. तो ढोबळ आहे. लाकडाची जात, जाडी, गाव, सगळ्यांवर तो बदलतो. खरा साक्षीदार म्हणजे काटा. गुरुजनांनी इथे विशेष लक्ष द्यावे, कारण यात पाचवी-सहावीच्या मुलांना पुरेल असे गणित आणि विज्ञान दोन्ही आहे. शाळा तेव्हा साथीमुळे बंद होती, पण वाडीतली मुले होतीच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चौघे जण सर्वांत वरची फळी उचलून भाताच्या काट्यावर नेत आणि वजन तिच्या तोंडावर पेन्सिलीने लिहीत. ऑक्टोबर २०२०मध्ये ५६ किलो. जानेवारीत ४४. मे महिन्यात साडेअडतीस. मुलांना वाटले, झाले! पण जुलै-ऑगस्टमध्ये वजन उतरायचे थांबले आणि उलट अर्धा किलो वाढले. एका मुलाने विचारले, "गुरुजी, झाड मेलंय ना? मग पाणी कसं पितं?" त्याला उत्तर देताना मला सोलापूरचे मेज आठवले.

मार्च २०२२मध्ये काटा ३७.४वर आला, एप्रिलमध्ये तेवढाच राहिला. सलग दोन कोरड्या महिन्यांत वजन हलत नाही म्हणजे फळी आपल्या गावच्या हवेपुरती वाळली. तरी आम्ही एक खातरजमा केली. फळीच्या तोंडापासून हातभर आत, पायांसाठी राखलेल्या फळीतून, एक छोटा तुकडा कापला. भरला १०० ग्रॅम. तो भट्टीत, १०३ अंशांच्या आसपास, वजन हलायचे थांबेपर्यंत तापवला. उरला ८८ ग्रॅम. गेलेले पाणी १२ ग्रॅम, ते ८८ने भागायचे, १००ने नाही. उत्तर आले साडेतेरा टक्क्यांच्या जरा वर. कोकणातल्या घराला हे ठीक. हेच मेज देशावर किंवा विदर्भात जाणार असेल तर फळी आधी तिकडच्या घरात एक उन्हाळा नुसती पडून राहू द्या.

रंध्याचे काम तुमच्या सुताराला येते. त्याला मी शिकवू नये. फक्त पीळ कसा पाहायचा तेवढे सांगतो. दोन सारख्या उंचीच्या सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांना आडव्या उभ्या करायच्या आणि एक डोळा मिटून खाली वाकून पाहायचे. पुढच्या पट्टीची वरची कड मागच्या पट्टीच्या कडेला समांतर दिसली तर पीळ नाही. एक कोपरा वर दिसला तर तेवढे तिथले लाकूड उतरवायचे. आधी फळीवर तिरका रंधा मारावा, शेवटी धाग्याच्या दिशेने. मग पॉलिशपेपर, जाड दाण्याचा आधी, बारीक मागाहून.

आमच्या फळीला एका टोकाला वीतभर तडा होताच. तो लपवायचा नाही. त्याच्या आडवी, मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद, अशी डमरूच्या आकाराची चिंचेच्या लाकडाची पच्चर तयार केली, फळीत तेवढीच खाच खोदून ती सरस लावून ठोकून बसवली. तिचे धागे तड्याला आडवे आले पाहिजेत, नाहीतर ती कमरेत मोडते. दोन पचरी बसल्या आणि तडा तिथेच थांबला. अलीकडे तड्यात निळा पारदर्शक रेझिन ओतून मेजात नदी करण्याची टूम निघाली आहे. ज्याला आवडते त्याने करावे. लाकूड पुरते वाळलेले हवे, आणि ओतताना तोंडावर मुखपट्टी. मला ते काचेचे पाणी पाहवत नाही, इतकेच.

पाय कसे जोडायचे यात सगळे आले. फळीखाली दोन आडव्या पट्ट्या द्यायच्या, म्हणजे ती वाकत नाही. पण स्क्रूची भोके सगळी सारखी पाडायची नाहीत. पट्टीच्या मधल्या स्क्रूचे भोक नेमके ठेवा. दोन्ही बाजूंच्या स्क्रूंची भोके पट्टीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे फळीच्या रुंदीच्या दिशेने, अर्धा इंच लांबट करा, आणि स्क्रूखाली वायसर घाला. फळी मधोमध धरलेली राहते, आणि दोन्हीकडे तिला ये-जा करायला वाट मिळते. या जोडाला सरस लावू नका. आपल्या जुन्या सुतारांनी स्क्रू नसताना हेच साधले होते : खाली रुंद, तोंडाशी अरुंद अशी खाच फळीत आडवी खोदून तिच्यात पट्टी बाजूने सरकवायची, ठोकून बसेल इतकी घट्ट, पण सरस न लावता. घरात जुना रुंद पाट असेल तर तो उलटा करून पाहा. पुष्कळ पाटांखाली अशी पट्टी सापडते. सुतारकाकांनी आमच्या मेजाला तीच दिली. पाय मधल्या ठिपक्याच्या फळीतून निघाले. मुले वाचनालयात जमिनीवर बसतात, म्हणून उंची १३ इंचच ठेवली. खुर्चीचे मेज करायचे तर ३० इंच धरा.

शेवटी तेल. बेलतेलात निम्मे टर्पेंटाइन मिसळून पहिला हात द्यावा, अर्ध्या तासाने वर राहिलेले तेल फडक्याने कोरडे पुसून घ्यावे, आणि दोन दिवस थांबून पुढचा. पुढच्या हातांना टर्पेंटाइन कमी करत जावे. चार हात पुरतात. वरच्या बाजूला जितके हात, तितकेच खालच्या बाजूलाही, कोणाला दिसत नसले तरी. एक बाजू उघडी राहिली तर ती दमट हवा लवकर पिते आणि फळी वाकते. आणि कृपा करून ती तेलकट फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. बेलतेल वाळताना आपोआप तापते, आणि अशा बोळ्याने काडी न लावता पेट घेतलेला आहे. फडकी उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

मेज २०२२च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वाचनालयात गेले. तोंडावरची वजने सुतारकाकांनी रंध्याने उडवायची ठरवली होती. मुलांनी उडवू दिली नाहीत, म्हणून त्या एका टोकाला रंधा मारलाच नाही, वरून नुसते तेल दिले. आषाढात ते मेज दोन सुतांनी रुंद होते, आणि शिमग्यानंतर पुन्हा आत येते. मुले फुटपट्टीने मोजतात. त्याच फणसाची आणखी एक फळी पडवीतल्या माळ्यावर अजून आहे. ती मी सोलापूरला देणार आहे. पण आधी ती बहिणीच्या घरी भिंतीला टेकून एक उन्हाळा काढील. तसे तिला कळवले आहे.